हील्स घालून आख्खी शिफ्ट काढायची आहे, चालायला कसं शिकायचं? (नागपूर)

महालची_पोरगी

नमस्कार, मला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचं आहे. युनिफॉर्म म्हणजे साडी आणि खाली काळे बंद पंप्स (म्हणजे वरून पट्टा नसलेले हीलचे बूट), हील दोन ते अडीच इंच, असं लेटरमध्येच लिहून आलं आहे. मी लहानपणापासून सपाट चपलांवाली, कॉलेजात स्पोर्ट्स शूज, घरच्या लग्नातही कोल्हापुरीच, त्यामुळे हील्सची सवय अजिबात नाही. सध्या मावसबहिणीच्या तीन इंची पेन्सिल हील्स घालून घरातल्या घरात चालून पाहून राहिली आहे पण जमून नाही राहिलं. पाय समोर सरकतो आणि बोटं टोकात जाऊन दाबली जातात, टाच मागून निघून येते, गुडघे आपोआप वाकतात, आणि थोडं चाललं की चवड्याखाली आग व्हायला लागते. आरशात पाहिलं तर मी पूर्ण पुढे झुकलेली दिसते.

माझा पाय रुंद आहे आणि तळवा जवळपास सपाट, फरशीवर ओला पाय ठेवला की पूर्ण पाऊल उमटते. घर दुसऱ्या माळ्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. जाणं-येणं स्कूटीने. नोकरी मला मनापासून पाहिजे आहे, याच कामासाठी हॉटेल मॅनेजमेंट केलं, त्यामुळे पाय दुखून राहिला आणि ते चेहऱ्यावर दिसून राहिलं असं गेस्टसमोर व्हायला नको. कोणत्या हील्स घेऊ, सवय कशी करू, आणि आठ-नऊ तास उभ्या राहणाऱ्या ताई लोकं हे कसं निभावतात ते प्लीज सांगा. बजेट दोन हजारांपर्यंत आहे.

फ्रंटडेस्कवाली

सगळ्यात आधी अभिनंदन गं! मी बरीच वर्षं रिसेप्शनला काढली, आता नवीन मुलींना ट्रेनिंग देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम, बहिणीच्या हील्स तिला परत देऊन टाक. बूट घालणारीच्या पायाला बसत जातो, आतला गादीचा भाग तिच्या वजनाने दबलेला असतो, त्यात तुझा पाय कसा बसणार. शिवाय तुला लागणार आहेत दोन-अडीच इंच, तर सुरुवात तीनवर आणि तीही पेन्सिल हीलवर कशाला? तू जे लिहिलंस ना, पाय सरकणं, टाच निघणं, बोटं दाबणं, हे सगळं मापाचं दुखणं आहे, चालण्याचं नाही. माप बरोबर आलं की यातलं बरंच आपोआप जातं आणि मग उरतं ते शिकायचं असतं. किती तरी मुली मापाच्या त्रासाला घाबरून मला हील्स जमतच नाहीत असं ठरवून बसतात आणि मला फार वाईट वाटतं त्याचं.

लेटरमध्ये हीलची उंची दिली आहे, जाडी दिलेली नाही. म्हणजे ब्लॉक हील घ्यायला मोकळी आहेस. जाड चौकोनी टाच, दोन इंच, दोन्ही घोटे सरळ राहतात, डुगडुग होत नाही. पुढच्या बाजूला सोल अर्धा इंच जाड असेल तर अजून चांगलं, कारण मग अडीच इंचाची हील असली तरी पायाला उतार दोन इंचाचाच पडतो. टोक निमुळतं नको, गोल किंवा बदामी घे. आणि पायाच्या वरून एक पट्टा असलेला बूट, ज्याला मेरी जेन म्हणतात, तो चालतो का हे एचआरला आधी विचारून घे. काळा पट्टा साडीखाली कोणाला दिसतही नाही, पण त्याच्यामुळे पाय मागे धरून राहतो आणि समोर सरकत नाही. नुसत्या पंप्समध्ये पायाला धरून ठेवायला फक्त टोक आणि टाच एवढंच असतं, म्हणून सपाट पायाच्या मुलींना ते जास्त छळतात.

आता चालणं. टाच आधी टेकायची, पण हळूच, आणि लगेच वजन चवड्यावर न्यायचं. घाबरलेली मुलगी बोटं आधी टेकते किंवा पूर्ण पाय आपटते, त्यानेच ते टकटक टकटक असं घोड्यासारखं वाजतं. पाऊल नेहमीपेक्षा लहान टाक, घाई करू नकोस, हील्समध्ये वेग कमीच असतो आणि तो चांगला दिसतो. गुडघे वाकतात कारण आपण पडू या भीतीने शरीर खाली बसायला पाहतं, तर मांड्या आणि पोट जरा आवळून धर, खांदे मागे, हनुवटी जमिनीला समांतर. नजर खाली गेली की डोकं पुढे जातं, डोकं पुढे गेलं की कंबर मागे निघते आणि मग तू म्हणतेस तशी झुकलेली दिसतेस. चार-पाच पावलं पुढची फरशी पाहायची, पायाखालची नाही. हात मोकळे सोड, पर्स घट्ट पोटाशी धरून चालू नकोस, तोल हातांनीच सावरतो.

घरी सुरुवात सतरंजीवर कर, मग फरशीवर, मग दारापासून दारापर्यंत ट्रे घेऊन. हो, ट्रे घेऊन, कारण कामावर तुझे हात रिकामे राहणार नाहीत, रजिस्टर असेल, चावी असेल, वेलकम ड्रिंक असेल. पहिल्या आठवड्यात दिवसातून पंधरा-वीस मिनिटं, तेही दोन वेळा वाटून. नंतर भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना, फोनवर बोलताना घाल. उभं राहायची सवय चालण्यापेक्षा उशिरा लागते, हे कोणी सांगत नाही.

आणि उभं राहायचं कसं तर दोन्ही पायांवर एकदम ताठ नाही. एक पाय किंचित पुढे, वजन मागच्यावर, थोड्या वेळाने बदलायचं. गुडघे लॉक करायचे नाहीत, त्याने कंबर धरते. डेस्कमागे गेस्टला पाय दिसत नाहीत, तिथे खाली छोटी पाटी किंवा स्टूल असेल तर आळीपाळीने एक पाय त्यावर ठेव. काही ठिकाणी डेस्कमागे रबरी मॅट टाकतात, नसेल तर मागून घे, लाजायचं काही कारण नाही.

साडीचं राहिलंच. निऱ्या नेहमी हील्स घालून काढायच्या आणि पेटीकोटची उंचीही हील्स घालूनच बघायची. नाहीतर साडी एक तर वर चढलेली दिसते किंवा टाचेखाली येते. सगळ्यात जास्त मुली अडखळतात त्या साडी टाचेखाली येऊन, त्यात हीलचा काही दोष नसतो. समोरच्या निऱ्या जमिनीपासून बोटभर वर पाहिजेत.

जोडेवाले_काका

ताई, मी जोड्यांच्याच धंद्यात आहो, बनवतो पण आणि दुरुस्त पण करतो. वरच्या ताईंनी मापाचं सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. दुकानात काय पाहायचं ते मी सांगतो.

जोडे संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर चालून पाय थोडा फुगते, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच फुगते, सकाळी बरोबर बसलेला जोडा संध्याकाळी चावते. दोन्ही पाय घालून पाहा, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा राहते, मापही मोठ्या पायाचंच घ्यायचं, लहान पायाला आतून पॅड लावता येते. तुमचा पाय रुंद आहे म्हणून लोक तुम्हाला एक नंबर मोठा जोडा देतील, तो घेऊ नका. नंबर वाढवला की लांबी वाढते, मग टाच निघते आणि पाय समोर सरकते, म्हणजे तुमचं जे दुखणं आहे तेच परत. रुंद फर्म्यावर, म्हणजे जोडा ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बनते त्याच्यावर, बनलेला जोडा मागा. नाही भेटला तर खऱ्या चामड्याचा घ्या आणि मोच्याकडून चवड्याच्या जागी फर्म्यावर ताणून घ्या, एक-दोन दिवस फर्मा आत ठेवला की चामडं सैल पडते. रेक्झिन ताणत नाही, ताणलं तरी परत आवळते नाहीतर फाटते.

मग जोडा हातात घेऊन दोन गोष्टी तपासा. काउंटरवर ठेवून टाचेच्या मागून बोटाने हलकंसं ढकला. डगमगला तर हील तिरकी बसली आहे, ठेवून द्या. हील तुमच्या टाचेच्या बरोबर मधोमध खाली पाहिजे, फार मागे गेलेली नको. दुसरं, जोडा दोन्ही हातांनी वाकवून पाहा. चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधात, म्हणजे तळव्याच्या कमानीखाली, वाकायला नको. तिथे आत लोखंडी पट्टी राहते, तिला शँक म्हणतात, तिच्यावरच पूर्ण हीलवाला जोडा उभा राहते. शँक कमजोर असली की चालताना हील मागे मुडते आणि बाईला वाटते माझाच तोल जाते. स्वस्त मालात इथेच कटाई राहते.

हीलच्या खाली जी रबराची छोटी टिप राहते तिच्यावर लक्ष ठेवा. ती घासून आतला खिळा दिसायला लागला की ग्रॅनाइटवर जोडा सटकते आणि आवाजही येते. टिप बदलणं हे कुठल्याही मोच्याचं पाच मिनिटांचं काम आहे, पैसेही थोडेच लागतात, पण लोकं हील खराब होईपर्यंत येत नाहीत.

दोन हजारात एक चांगला जोडा येईल. पण माझं म्हणणं असं की जमलं तर थोडे पैसे जमवून पुढच्या पगारात दुसराही घ्या. रोज तोच जोडा घातला तर आतला घाम वाळत नाही, चामडं लवकर कुजते आणि वासही येते.

फिजिओ_मॅडम

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मी फक्त शरीराच्या बाजूने लिहिते.

टाच वर उचलली की शरीराचा भार टाचेवरून चवड्यावर येतो, हील जितकी उंच तितका जास्त. तिथे आग होणं हे त्याचंच लक्षण. घोटा खाली वळलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे तो सैल असतो, त्यामुळे मुरगळायची शक्यता वाढते. आणि पोटरीचे स्नायू दिवसभर आखडलेले राहतात. २०१० मध्ये जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजीत एक अभ्यास आला होता, त्यात किमान दोन वर्षं नियमितपणे पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच हील्स घालणाऱ्या स्त्रिया तपासल्या होत्या. त्यांच्या पोटरीचे स्नायूतंतू सरासरी १३ टक्के आखूड झालेले आढळले आणि टाचेच्या मागची शीर, अकिलीस टेंडन, जाड आणि ताठ झालेली. म्हणूनच रोज हील्स घालणाऱ्या काही जणींना घरी अनवाणी चालताना पोटरी ओढल्यासारखी वाटते. हे घाबरवायला लिहीत नाही. तू रोज शिफ्टभर घालणार आहेस, तर पोटरी ताणण्याचा व्यायाम दात घासण्याइतका नियमित पाहिजे एवढंच.

भिंतीला दोन्ही हात लावून उभी राहा, एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा सरळ, आणि पुढे झुक. अर्धा मिनिट. मग तसंच मागचा गुडघा थोडा वाकवून, टाच टेकलेलीच. दोन्ही प्रकार लागतात कारण पोटरीत दोन स्नायू आहेत, वरचा गुडघा सरळ असताना ताणला जातो आणि आतला वाकवल्यावर. शिफ्टवरून आल्यावर हे नक्की कर.

ताकदीसाठी, जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा वर उचलायच्या आणि अगदी सावकाश खाली सोडायच्या, कठड्याला धरून. मग एका पायावर उभं राहणं, आधी धरून, मग न धरता, मग डोळे मिटून. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आणि कुल्ह्याचे स्नायू यानेच तयार होतात, हील्समध्ये डुगडुगणं थांबवतात ते हेच. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा, हे तुझ्या सपाट तळव्यासाठी विशेष. जॉइन व्हायच्या आधी तुझ्याकडे महिना आहे, आजपासून सुरू केलंस तर पहिल्या दिवशी फरक जाणवेल.

एक गोष्ट. इंटरनेटवर पायाचं तिसरं आणि चौथं बोट चिकटपट्टीने बांधा म्हणजे दुखत नाही असं फिरत असतं. मी माझ्या पेशंटना हे सांगत नाही. दुखणं हा पायाचा निरोप असतो, तो दाबून आठ तास उभं राहणं बरोबर नाही. वेदनाशामक स्प्रे मारून शिफ्ट करणंही नको.

आणि हे दिसलं तर हील्स बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखव: तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये मुंग्या किंवा बधिरपणा, अंगठ्याच्या सांध्याला बाहेर आलेला लाल गड्डा, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, गरोदरपण असेल किंवा नुकताच घोटा मुरगळला असेल तर हील्स नकोतच, हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते.

महालची_पोरगी

बाप्पा, इतकं सगळं कोणी सांगितलंच नव्हतं, खूप खूप थँक्यू सगळ्यांना. कालपासून टाचा उचलायचा व्यायाम सुरू केला, पोटऱ्या दुखून राहिल्या पण चांगल्या वाटून राहिल्या. दोन प्रश्न अजून. सपाट तळव्यासाठी जोड्यात वेगळी गादी टाकावी का? आणि स्कूटी हील्स घालून चालवायची की नाही? माझी एक मैत्रीण चालवते, तिला काही होत नाही म्हणते.

सदर_ते_मिहान

स्कूटीचं मी सांगते, मी रोज चालवते. नको, अजिबात नको. सिग्नलला पाय टेकवताना हील आधी टेकते, आपल्याकडे सिमेंट रोडची कड आणि बाजूचा डांबरी रस्ता यात उंच-सखल असतं, पाय तिथे पडला की घोटा गेला आणि वर गाडीचं वजन. फूटबोर्डवर पेन्सिल हील मॅटमध्ये अडकते ते वेगळंच. सपाट बंद बूट घालून जा, हील्स पिशवीत, हॉटेलच्या लॉकर रूममध्ये बदल. आणि पिशवी डिक्कीत ठेवून गाडी उन्हात उभी करू नकोस! मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, बंद डिक्की तापून निघते आणि सोलचं गोंद सुटतं. पिशवी सोबत घेऊनच आत जा.

शिफ्टची वेळ जुळली तर मेट्रो बघ, ऑरेंज लाइन वर्धा रोडवरूनच खापरीपर्यंत जाते, सीताबर्डीला बदलायची. फक्त हील्स पायात असतील तेव्हा सरकत्या जिन्यावर पूर्ण पाय पायरीच्या मधोमध ठेव, त्या खाचांमध्ये बारीक टाच अडकते, नाहीतर सरळ लिफ्ट घे. फुटपाथच्या गट्टूंमधल्या फटीही तशाच, त्यावरून जाताना वजन चवड्यावर ठेवायचं आणि टाच फटीत पडणार नाही हे पाहायचं.

तुझ्या घरच्या जिन्यावर हील्सचा सराव कर पण कठडा धरून. चढताना चवडा पायरीवर पूर्ण आला पाहिजे, टाच बाहेर राहिली तरी चालते. उतरताना पाऊल जरासं तिरकं, पूर्ण पाऊल पायरीवर, टाच आणि चवडा दोन्ही टेकले की मगच दुसरा पाय उचलायचा. उतरणं नेहमी कठीण असतं. हॉटेलच्या पोर्चचा उतार असतो ना गाड्यांसाठी, तिथे तर सरळ खाली न येता थोडं आडवं यायचं आणि पावलं अजून लहान करायची.

लॉनवर लग्न असेल तेव्हा मात्र पेन्सिल हील घालायची नाही असं मी प्रत्येकीला सांगते, काटोल रोड काय आणि कोराडी रोड काय, संध्याकाळी लॉनवर पाणी मारलेलं असतं, टाच सरळ मातीत रुतते. वेजेस, म्हणजे टाचेपासून पुढेपर्यंत सलग जाड सोलच्या, घालायच्या, नाहीतर ब्लॉक हील. टाचेवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या पण मिळतात, त्या बऱ्या असतात.

फिजिओ_मॅडम

गादीबद्दल. आधी साधी, कमानीला थोडा आधार देणारी आणि चवड्याखाली मऊ असलेली पातळ गादी टाकून बघ. जाड नको, जाड गादीने पाय वर येतो आणि जोडा आवळ होतो. म्हणून जोडा विकत घेतानाच गादी सोबत घेऊन जा आणि टाकून बघ. गुडघा किंवा टाच आधीपासून दुखत असेल तर मात्र पाय तपासून मापाची बनवून घ्यावी लागते, ती महाग पडते, आत्ता लगेच गरज दिसत नाही.

विचारून_घ्या

सगळे चालायचं शिकवत आहेत पण मला एक वेगळं म्हणायचं आहे. ताई, तुम्ही एचआरला हील्सबद्दल विचारा तरी. लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाच्या एका रिसेप्शनिस्टला २०१५ मध्ये फ्लॅट शूज घालून आली म्हणून बिनपगारी घरी पाठवलं होतं, तिने याचिका टाकली आणि तिच्यावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या, ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने २०१७ मध्ये नोकरीवर हील्सची सक्ती बंद केली. जपानमध्येही २०१९ मध्ये बायकांनी यावर मोठी मोहीम चालवली. म्हणजे जगभर हा प्रश्न बायकांनी उचललेला आहे. आपला पाय सपाट असेल, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर एखादी चांगली कंपनी ऐकते. माझी बहीण आठ तास उभी राहते, तिच्या पायाकडे पाहिलं की माझा जीव तुटतो म्हणून लिहितोय.

फ्रंटडेस्कवाली

दादा, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि मी स्वतः ट्रेनिंगमध्ये हा विषय काढते. पोरी, जॉइन व्हायच्या आधीच एक साधा नम्र मेल टाक, की माझा तळवा सपाट आहे, दीड-दोन इंचाची ब्लॉक हील आणि पट्ट्याचा बूट चालेल का. बऱ्याच ठिकाणी नियम कागदावर जुना असतो आणि विचारलं की लगेच हो म्हणतात, कारण त्यांना नीटनेटकी, काळी, बंद बोटांची चप्पल पाहिजे असते, इंच कोणी मोजत बसत नाही. रात्रपाळीत तर अनेक हॉटेलं फ्लॅट चालवून घेतात. विचारायचं, आणि उत्तर लिहून घ्यायचं म्हणजे उद्या मॅनेजर बदलला तरी तुझ्याकडे राहतं.

हील्स घालणं मला आवडतं हेही सांगते. मी स्वतःच्या मर्जीने लग्नात घालते, उंच वाटतं, साडी सुंदर पडते. आवड आणि सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीत पाय मात्र आपलाच असतो, म्हणून शिकून, मापाचा जोडा घेऊनच घालाव्यात.

महालची_पोरगी

मेल टाकला होता, उत्तर आलं! ब्लॉक हील चालेल आणि पट्टा पण चालेल, फक्त काळं आणि पॉलिश होणारं पाहिजे. मग संध्याकाळी आईला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेली, तिथल्या मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांमधून मेन रोडपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली आणि काकांनी सांगितलं तसं काउंटरवर ठेवून ढकलून पाहिलं, दुकानदार बघतच राहिला. दोन इंचाची ब्लॉक, गोल टोक, चामड्याचा. गादी टाकून घातला तर टाच निघून नाही राहिली आणि बोटं मोकळी आहेत. सतरंजीवर छान जमून राहिलं, पण फरशीवर सोल गुळगुळीत असल्यामुळे सटकल्यासारखं वाटते आणि आता पावसाळा येऊन राहिला, लॉबी पूर्ण ग्रॅनाइटची आहे. त्याचं काय करू काका?

जोडेवाले_काका

चांगला घेतला ताई. आधी घरातच चालून पाहा, बाहेर घालू नका, काही टोचलं-चावलं तर बाहेर न घातलेलाच जोडा दुकानदार बदलून देते. दोन-तीन दिवसांनी पक्कं झालं की मोच्याकडे न्या आणि चवड्याखाली पातळ रबरी सोल चिकटवून घ्या, अर्ध्या सोलचीच, फक्त समोरून. जाड लावू देऊ नका, नाहीतर समोरची बाजू वर येते आणि हीलचा हिशोब बदलते. तोवर काम भागवायला सुताराकडचा पॉलिश पेपर आणा आणि सोल आडवा-आडवा घासून खरबडा करा, पकड येते. टिप पण रबराचीच मागा, कडक प्लॅस्टिकची ओल्या ग्रॅनाइटवर टिकत नाही. पावसाचे जोडे ओले झाले तर आत कागद कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा गॅसजवळ नाही, चामडं तडकते. आणि हॉटेलच्या दारात पायपुसणं राहते, तिथे दोन्ही तळ नीट पुसूनच आत पाय टाकायचा.